चार पावसाळे वापरलेला पर्जन्यमापक: दीडशे मिलिमीटरचे भांडे आणि चिपळूणचा पाऊस

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले, तेव्हा आमच्या कापडाच्या दुकानात ते माळ्याच्या फळीपर्यंत चढले होते. पाणी ओसरल्यावर गाळातून तागे ओढून काढण्यात आमचे कितीतरी दिवस गेले. त्या दिवसांत भेटणारा प्रत्येक माणूस पाण्याची उंची सांगत होता. कोणाकडे कमरेएवढे, कोणाकडे छातीएवढे, तर कोणाकडे पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत पाणी आले होते. मात्र रात्रभर पाऊस नेमका किती पडला, त्यातला किती शेवटच्या तीन तासांत पडला आणि आम्ही अंथरुणातून उठून माल वर चढवायला हवा होता तो क्षण कोणता, हे आमच्या घरात कोणालाच सांगता आले नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोकणातल्या पावसात राहूनही आम्ही तो कधी मोजला नव्हता. म्हणून २०२२ च्या मे महिन्यात मी सुमारे सातशे रुपयांना घरगुती पर्जन्यमापक मागवला. चार पावसाळे वापरून झाल्यावर त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

वस्तू अगदी साधी आहे. पारदर्शक प्लास्टिकचे नळकांडे, वर बसणारे नरसाळे, अंगावर छापलेल्या मिलिमीटरच्या खुणा आणि खांबाला आवळण्यासाठी एक पट्टी, एवढाच सगळा ऐवज येतो. सेल नाही, तार नाही, मोबाइलशी जोडणे नाही. नळकांडे वर रुंद आणि खाली निमुळते असल्यामुळे तळाच्या खुणा लांब लांब आहेत आणि एक-दोन मिलिमीटरची भुरभुरही नीट वाचता येते. वरच्या भागात मात्र खुणा दाट होतात आणि पहाटे टॉर्चच्या उजेडात १२० की १२५ हे ठरवताना डोळे ताणावे लागतात. चार पावसाळे बाहेर काढूनही प्लास्टिकला तडा गेलेला नाही, हे उत्पादकाच्या बाजूने मान्य करायला हवे. खुणांची काळी शाई मात्र तिसऱ्या वर्षीच फिकट झाली. मी सुईने खुणा कोरून त्यांत रंग भरला.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर पडलेले एक लिटर पाणी. हा हिशेब कळला की भांड्यातल्या आकड्याला एकदम वजन येते. एक चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा कोटी लिटर पाणी होते, आणि या सगळ्या पाण्याला जमिनीत मुरायचे असते किंवा पऱ्यातून, गटारातून, नदीतून समुद्राकडे जायचे असते. हे गणित मी आमच्या मुलाकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आहे.

भांडे कुठे लावायचे याबद्दल खोक्यातल्या कागदावर एक ओळही नाही आणि ही मोठी उणीव आहे. पहिल्या वर्षी मी ते गच्चीच्या कठड्यावर लावले होते. गच्चीवर वारा मोकाट असतो, त्यामुळे नरसाळ्यावरून पाऊस तिरका निघून जातो आणि आकडा कमी येतो. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीत पर्जन्यमापकाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच असते आणि झाड, भिंत किंवा छप्पर त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावे लागते. हे समजल्यावर मी भांडे परसात आणले आणि पागोळ्यांपासून व माडाच्या झावळ्यांपासून दूर, एका ठेंगण्या खांबावर बसवले. पहिल्या वर्षाचे आकडे वहीत आहेत, पण मी ते तुलनेसाठी वापरत नाही.

आता मूळ दोषाकडे येते. या भांड्यात जास्तीत जास्त १५० मिलिमीटर पाऊस मावतो. विक्रेत्याच्या पानावर हे ‘मोठी क्षमता’ म्हणून लिहिलेले आहे आणि विकत घेताना मलाही ते पुष्कळ वाटले होते. हवामान विभागाच्या वर्गवारीत चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार पाऊस. याचा अर्थ असा की आमचे भांडे दुसऱ्या पायरीच्या मध्यावरच काठोकाठ भरते आणि तिसरी पायरी त्याला मोजताच येत नाही. ज्या गावात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि ज्या पावसाच्या धास्तीने आपण हे साधन घरात आणतो, नेमका तोच पाऊस या साधनाच्या मापाबाहेर राहतो. पहिल्याच जुलैत एका सकाळी साडेआठला गच्चीवर गेले, तर भांडे भरून वाहत होते. वहीत ‘१५० पेक्षा जास्त’ एवढेच लिहावे लागले आणि त्या मोसमातल्या सर्वांत मोठ्या पावसाचा आकडा कायमचा हातून गेला.

हा दोष एका भांड्यापुरता नाही, म्हणून त्यावर थोडे थांबते. कोणत्याही साधनाचे माप ठरवताना कोणीतरी मनाशी एक पाऊस धरलेला असतो. गटाराचा व्यास, मोरीची रुंदी, पुलाची उंची, पूररेषा, विम्याचा हप्ता, या साऱ्यांच्या मागे ‘याहून जास्त बहुधा पडणार नाही’ असा एक अंदाज असतो, आणि तो जुन्या नोंदींवर बेतलेला असतो. हवा तापू लागली की त्या अंदाजाचा पायाच सरकतो. हवेचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण सात टक्क्यांनी वाढते. अरबी समुद्राचे पाणी तापल्यामुळे वरच्या हवेला बाष्पाचा पुरवठाही वाढतो. बाष्प जास्त साठले म्हणून पाऊस रोज थोडा थोडा जास्त पडेल असे नव्हे. तो अनेकदा लांबतो, आणि मग कोसळताना थोड्या तासांत कोसळतो.

बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या पन्नास वर्षांच्या नोंदी तपासून दाखवले की मोसमाच्या एकूण पावसात ठळक बदल दिसत नसतानाही दिवसाला शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडण्याच्या घटना वाढल्या आहेत आणि मध्यम पावसाचे दिवस कमी झाले आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या विस्तृत क्षेत्रावरच्या टोकाच्या पावसाच्या घटना तिपटीने वाढल्याचे आढळले. त्या अभ्यासात टोकाचा पाऊस म्हणजे दिवसाला १५० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक, असे धरले होते. आमच्या भांड्याची कड नेमकी त्याच आकड्यावर आहे, हे वाचले तेव्हा मी काही वेळ ते भांडे हातात धरून बसले होते.

माझ्या सासूबाई पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस म्हणतात. तरण्याने धुमाकूळ घालावा आणि म्हाताऱ्याने संथपणे, पण सतत पडत राहावे, अशी त्यांची पक्की कल्पना होती. २००५ चा २६ जुलै आणि २०२१ चा २२ जुलै हे दोन्ही दिवस पुष्यातले आहेत. नक्षत्रांवर आखलेली शेतीची आणि घराची कामे आजही आम्ही त्याच क्रमाने करतो, पण पावसाने आपले वय पाळावे ही अपेक्षा सासूबाईंनी स्वतःच सोडून दिली आहे.

याच जागी एक सावधगिरीही नोंदवायला हवी. माझ्या चार पावसाळ्यांच्या वहीवरून हवामान बदलले असे मला म्हणता येत नाही आणि मी तसे म्हणत नाही. हवामानाची सरासरी ठरवायला तीस वर्षांची नोंद धरतात. एका परसातले एक भांडे त्या परसाविषयीच बोलते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटरच्या आसपास पाऊस होता. एकाच शहराच्या दोन टोकांत इतका फरक पडत असेल, तर घाटमाथ्यावर काय चालले आहे हे आमच्या परसातून कळणार कसे, हा प्रश्न मला दुसऱ्याच वर्षी पडला.

त्यावर उपाय म्हणून मी तसलेच दुसरे भांडे घेऊन पोफळीला, नदीच्या वरच्या अंगाला, घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या माझ्या नणंदेच्या अंगणात लावले. या खरेदीतला सर्वांत उपयोगी भाग हाच ठरला. रात्री जोर वाढला की त्यांचा फोन येतो, “वहिनी, दोनपासून पाचपर्यंत इकडे सत्तर भरला, तुमच्याकडे किती?” मी म्हणते, “वन्स, आमच्याकडे पंचवीसच आहे, पण तुमचा सत्तर म्हणजे आम्ही उठायला हवे.” खाली शांत आणि वर दणका असेल, तर ते पाणी काही तासांनी आमच्याच दारावरून जाणार असते. चिपळूणमध्ये पूर ठरतो तो केवळ गावातल्या पावसावर नव्हे. वरच्या डोंगरातले पाणी, कोयनेच्या वीजगृहांतून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येणारे पाणी, नदीच्या पात्रातला गाळ आणि खालून चढणारी भरती, या सगळ्यांची त्यात गाठ पडते. २०२१ चा तो दिवस गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा, म्हणजे उधाणाच्या दिवसांतला होता. पुढे नागरिकांनी आंदोलन केले आणि वाशिष्ठी व शिव नदीतला गाळ काढण्याचे काम झाले, हे या गावाचे मोठेच यश आहे. पण पाऊस आणि उधाण एका रात्री आले तर सावध राहण्याला पर्याय नाही.

म्हणून आमच्या घरात आता एक ठरलेली पद्धत आहे. सकाळी साडेआठला भांडे रिकामे करून चोवीस तासांचा आकडा लिहायचा, कारण हवामान विभागाचा दिवसही साडेआठला सुरू होतो आणि मग आमचा आकडा त्यांच्या आकड्याशी ताडून पाहता येतो. जिल्ह्याला नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी दर तीन तासांनी भांडे पाहायचे, लिहायचे आणि रिकामे करायचे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा, असा त्या रंगांचा अर्थ आहे. पण हा रंग संपूर्ण जिल्ह्याला एकच असतो, आणि मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात तो आपल्या गल्लीला कितपत लागू आहे, हे ठरवण्यासाठी काहीतरी आपल्या हातात लागते. विभागाकडून पुढच्या तीन तासांसाठी येणारी तात्कालिक सूचना, वन्सांचा आकडा, आमचा आकडा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयातली तिथी, या चार गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की माल हलवायचा की नाही याचा निर्णय आम्ही घेऊ शकतो. तीन तासांत दोन्ही भांड्यांची बेरीज शंभराच्या पुढे गेली आणि भरती चढती असली, की खालच्या दोन फळ्यांवरचे तागे वर जातात. हा आकडा आम्ही आमच्या दुकानाच्या पातळीवरून आणि अनुभवाने ठरवला आहे. दुसऱ्या कोणी तो जसाच्या तसा घेऊ नये. या चार वर्षांत तीनदा माल वर चढवला आणि तिन्ही वेळा पाणी दुकानात आले नाही. ती मेहनत फुकट गेली असे आम्हांला एकदाही वाटले नाही.

भांड्याचे माप अपुरे असल्यामुळेच ही तीन तासांची सवय लागली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. सुरुवातीला मी ती नाइलाजाने पाळली, पण त्यातून जे कळले ते चोवीस तासांच्या आकड्यातून कधीच कळले नसते. एका दिवशी १४० मिलिमीटर पाऊस दिवसभर संथ पडला, तेव्हा अंगणातल्या पऱ्याने तो निमूट वाहून नेला. दुसऱ्या एका दिवशी एकूण पाऊस ११० च होता, पण त्यातला बहुतेक दोन तासांत पडला आणि समोरच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचले. धोका एकूण पावसाइतकाच त्याच्या वेगात असतो आणि तापत्या हवेत वाढण्याची शक्यता आहे ती मुख्यतः त्या वेगाची.

हे लक्षात आल्यावर २०२४ च्या पावसाळ्यापूर्वी मी एक इलेक्ट्रॉनिक पर्जन्यमापकही घेतला. त्याची किंमत साधारण सहा हजार पडली. त्याच्या आत सी-सॉसारखी डोलणारी दोन खणांची छोटी बादली असते. एका खणात ठरावीक पाणी भरले की ती कलंडते, दुसरा खण पुढे येतो आणि प्रत्येक कलंडण्याची नोंद घरातल्या पडद्यावर उमटते. अंथरुणात बसून दर तासाचा पाऊस दिसतो, भांडे भरून वाहण्याचा प्रश्न नाही आणि ठरवलेल्या आकड्यावर घंटा वाजवण्याचीही सोय आहे. रात्री तीन वाजता छत्री घेऊन परसात जाण्याचे कष्ट वाचतात, आणि वयस्क माणसे एकटी राहतात अशा घरी हा फायदा लहान नाही.

पण या यंत्राचा दोष नेमका मोठ्या पावसात उघडा पडतो. बादली कलंडत असतानाच्या क्षणात वरून येणारे पाणी मोजले जात नाही. रिमझिम पावसात त्याने काही बिघडत नाही. माझ्या यंत्रात बादली ०.३ मिलिमीटरला कलंडते, म्हणजे तासाला शंभर मिलिमीटरच्या वेगाने पाऊस पडत असेल तर ती दर अकरा सेकंदांनी कलंडते, आणि प्रत्येक वेळी थोडे थोडे पाणी हिशेबातून निसटते. जुलैतल्या एका रात्री दोन तासांत साध्या भांड्यात ९६ मिलिमीटर भरले, तेव्हा पडद्यावर ८८ दिसत होते. शिवाय नरसाळ्याच्या जाळीत झाडाचे एक पान अडकले तरी पाऊस थांबल्यासारखा दिसतो आणि लाल दिवा वगैरे काही लागत नाही. जोरदार पावसात पडदा शून्य दाखवू लागला, तर आधी जाळी पाहावी. विक्रेत्याकडे मोठ्या वेगासाठी दुरुस्तीचा तक्ता मागितला, पण तो मिळाला नाही. तेव्हा मी दोन्ही साधनांचे आकडे शेजारी लिहून स्वतःच एक तक्ता करते आहे. घंटेचा आकडाही मी थोडा खाली ठेवला आहे.

दोन्हींपैकी एकच घ्यायचे असेल तर मी आजही साधे भांडेच घ्या म्हणेन. मात्र मी घेतले ते नव्हे. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा मुंबई-ठाण्यात राहणाऱ्यांनी विकत घेताना आधी क्षमता विचारावी आणि ३०० मिलिमीटरच्या खालचे भांडे घेऊ नये. मराठवाड्यात किंवा माणदेशात राहणाऱ्यांना १५० मिलिमीटरचे भांडे बहुतेक दिवस पुरेल, पण अवघ्या एका रात्रीत महिन्याचा पाऊस पडल्याच्या बातम्या आता तिकडूनही येतात, तेव्हा त्यांनीही रात्री एकदा उठून पाहण्याची तयारी ठेवावी. डोंगराच्या कुशीतल्या वाडीसाठी तर हे साधन सार्वजनिक ठिकाणी, शाळेच्या किंवा देवळाच्या आवारात असावे आणि ते वाचण्याची पाळी ठरलेली असावी असे मला मनापासून वाटते. २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा त्या दोन्ही ठिकाणी आधी सतत मोठा पाऊस चालू होता. दरड कधी सुटेल हे भांडे सांगत नाही, पण गेल्या दोन दिवसांत डोंगराने किती पाणी प्यायले आहे हे ते सांगते, आणि आजची रात्र शाळेत काढावी का, हे ठरवायला तेवढा आकडा फार मोलाचा आहे.

उत्पादकाला माझ्या तीन मागण्या आहेत. खुणा छापण्याऐवजी साच्यातच कोराव्यात, भांडे कुठे आणि कसे लावावे याचा मराठी कागद खोक्यात असावा, आणि बाहेरून एक मोठे दुसरे भांडे द्यावे, म्हणजे आतले भरून वाहिले तरी पाणी त्यात साठेल आणि नंतर मोजता येईल. या तिसऱ्या सोयीने किंमत शंभर-दोनशे रुपयांनी वाढली तरी लोक आनंदाने देतील.

मी स्वतः आता हवामान विभागाच्या पद्धतीचे साधन मागवले आहे. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर आहे आणि आतली बाटली दहा लिटरची, म्हणजे त्यात १००० मिलिमीटर पाऊस मावतो. सांताक्रूझचा तो दिवसही त्यात मावला असता. ते जरा महाग आहे आणि पाणी काचेच्या मोजपात्रात ओतून मोजावे लागते, पण त्यातला एकही मोठा पाऊस ‘पेक्षा जास्त’ असा लिहावा लागणार नाही. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि आमचे भांडे तोवर माळ्यावरच होते, त्यामुळे मे महिन्यातल्या त्या पहिल्या पावसाची जागा वहीत रिकामी आहे. नवे साधन अक्षय्य तृतीयेला खांबावर बसवायचे ठरले आहे आणि जुने भांडे शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलीकडे, खेर्डीला नेण्यासाठी मागून ठेवले आहे.